गढूळ पाण्याच्या मागोमाग: कास ते हरिपूर

पावसाळ्यात सातारा जिल्ह्यात फिरायला येणारी माणसे धबधबे, पठारे आणि घाट बघायला येतात. आम्ही या वेळी गढूळ पाणी बघायला निघालो होतो. कासच्या तलावापासून हरिपूरच्या संगमापर्यंत पाणी कुठे गढूळ होते, कुठे आपले आपण निवळते आणि नळाला येण्याआधी ते निवळवतात कसे, एवढेच बघायचे होते. सोबत अभियांत्रिकी महाविद्यालयात पाणी आणि सांडपाणी हाच विषय शिकवणारा मित्र होता. गाडी त्याची, आणि वाटेतली बडबडही बरीचशी त्याचीच.

साताऱ्यातल्या समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढला की पाऊसच बदलतो. खाली शहरात रिपरिप, वर धुके आणि आडवा वारा. कासचे पठार जांभ्या खडकाचे. मातीचा थर इतका पातळ की पाणी मुरायला जागाच नाही. खडकावरून ओघळत ते ओढ्यात आणि ओढ्यातून तलावात येते. ब्रिटिश काळापासून हा तलाव सातारकरांना पाणी देतो आहे. अलीकडे बंधाऱ्याची उंची वाढवून साठा कित्येक पटींनी वाढवला आहे. काठाने चालत गेलो तर ओढ्याच्या तोंडाशी पाणी तांबूस, आणि बांधाच्या बाजूला मात्र तळाचे दगड दिसावेत इतके नितळ.

“इथेच धडा संपतो,” मित्र म्हणाला. “पुढे जे काही बघशील ते याचंच लहान रूप.”

धावते पाणी माती उचलून धरते, कारण त्यात खळबळ असते. तेच पाणी रुंद जागेत आले की वेग मरतो आणि ओझे खाली सुटते. आधी वाळू, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. म्हणून ओढ्याच्या तोंडाशी जाडसर गाळ सापडतो आणि बांधापाशी बारीक. धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना ही धरणे सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधली, पण गाळ बसवण्याचे काम ती न सांगता करतात. धरणाचा मृत साठा ठरवताना गाळाची जागा आधीच हिशेबात धरलेली असते. पुण्याला पाणी देण्यासाठी पेशव्यांनी कात्रजला एकापाठोपाठ दोन तलाव बांधले, त्यामागेही हाच विचार होता: पहिल्यात गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी पुढच्यात घ्यायचे.

कासचे पाणी उतारानेच साताऱ्याकडे येते आणि वाटेत सांबरवाडीच्या केंद्रात शुद्ध होते. शहराच्या बाकीच्या भागांना कृष्णा आणि उरमोडीचे पाणी उपसून द्यावे लागते. एकाच शहरात एक पाणी जंगलातल्या तलावातले आणि दुसरे गावे, शेते, पूल ओलांडून आलेल्या नदीचे. संगम माहुलीला उतरलो तेव्हा हा फरक कुणी सांगायची गरज उरली नाही. महाबळेश्वराकडून आलेली वेण्णा इथे कृष्णेला मिळते. पात्र दुथडी भरलेले आणि पाणी विटकरी. घाटावर एक आजी कळशीत पाणी भरून देवळाकडे निघाल्या होत्या. “ह्ये पाणी प्यायचं न्हाई, देवाला,” त्यांनी आम्ही विचारायच्या आत सांगितले. “प्यायला आता नळ हाय. पूर्वी तुरटी फिरवून रातभर ठेवायचो.”

त्या रातभरामागचे गणित मित्राने कराडच्या रस्त्याला लागल्यावर सांगितले. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडले की शांत पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली जाईल, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी. तीन मीटर खोल टाकी धरा. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण पाच-सहा मिनिटांत तळ गाठतो. एक शतांश मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला नऊ तास लागतात. एक सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीला सव्वा महिना. आणि तोही पाण्यात वाऱ्याची वा उन्हाची जराही हालचाल नसेल तर! जंतूंचे तर त्याहून कठीण. ते तितकेच बारीक, आणि त्यांचे वजन जवळजवळ पाण्याइतकेच. त्यांच्या नुसत्या बसण्याची वाट बघत कोणतेही शहर तहानलेले ठेवता येत नाही.

कराडपासून खाली ही अडचण वाढत जाते. डोंगरातली तांबडी माती मागे पडते आणि काळी जमीन सुरू होते. बेसाल्टच्या खडकापासून झालेली ही काळी माती उसाला आणि हळदीला सोन्यासारखी, पण तिच्यातली चिकणमाती अतिशय बारीक. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. पावसाचे पहिले लोंढे येतात तेव्हा नांगरून मोकळी केलेली राने ही माती नदीला देऊन टाकतात.

कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. कोयना आणि कृष्णा इथे समोरासमोर भेटतात आणि वळून पुढे निघतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी, मक्याची कणसे, आणि समोर उसळत्या लाटांचे मातकट पाणी. एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांत २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात कराड देशात पहिले आले होते. शेजारचे मलकापूर त्याच्याही आधीपासून चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी ओळखले जाते. मला वाटत होते की चोवीस तास पाणी ही केवळ सोय आहे. मित्राने वेगळी बाजू दाखवली. पाणी दिवसाआड किंवा तासभर सोडले की मधल्या वेळात नळाच्या वाहिन्या रिकाम्या होतात. सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते, तळाशी बसलेला बारीक गाळ पाणी पुन्हा सुटताना खवळतो आणि पहिली बादली पिवळसर येते. वाहिनीत कायम दाब असेल तर हे टळते. केंद्रात कष्टाने निवळवलेले पाणी रस्त्यात पुन्हा गढूळ होऊ न देणे, हेही निवळवण्याइतकेच महत्त्वाचे.

कराडहून सांगलीकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस. हंगाम नव्हता, त्यामुळे कारखान्यांची धुराडी थंड होती. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, वसंतदादा, एकेका नावाभोवती इथले राजकारण आणि अर्थकारण फिरते. पण या प्रत्येक कारखान्याच्या पोटात गाळ बसवणारी एक टाकी असते, हे किती जणांना ठाऊक आहे? उसाचा रस तापवून त्यात चुना मिसळतात, गंधकाची धुरी देतात आणि तो क्लॅरिफायरमध्ये सोडतात. मळ तळाशी बसतो, स्वच्छ रस वरून निघतो. तळाचा मळ गाळून जी प्रेसमड निघते ती ट्रॉल्या भरभरून रानात जाते. गुऱ्हाळात याच कामाला रानभेंडीचा चिकट रस वापरतात. तिथे मळी खाली बसण्याऐवजी वर येते आणि झाऱ्याने काढली जाते. बारीक कण एकत्र बांधायचे आणि मग वेगळे करायचे, ही युक्ती इथल्या शेतकऱ्याला पाणीपुरवठा खात्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

वाटेत कृष्णाकाठच्या एका गावाचे जलशुद्धीकरण केंद्र बघायला मिळाले. केंद्र बेताचे, रोज दहा एमएलडी, म्हणजे एक कोटी लिटर पाणी देणारे. जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, उपसलेले पाणी आधी पायऱ्यापायऱ्यांच्या कारंज्यावरून उतरते आणि हवा घेते. मग एका अरुंद नाल्यातून जाताना त्यात तुरटीचे द्रावण पडते. तुरटीऐवजी आता बऱ्याच ठिकाणी पीएसी, म्हणजे पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात. इथेही पिंप त्याचेच होते.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब ओटा. त्यावर एका रांगेत सहा काचेची भांडी आणि प्रत्येकात वरून सोडलेले एक पाते. सहाही भांड्यांत नदीचे तेच तांबूस पाणी. केमिस्ट मॅडमनी प्रत्येकात पीएसीचे प्रमाण चढत्या क्रमाने घातले. मिनिटभर पाती जोरात फिरली, मग अगदी सावकाश. आम्ही वाकून बघत राहिलो. पहिल्या भांड्यात काहीच होईना. तिसऱ्यात पाण्यात धूसर ठिपके दिसू लागले, चौथ्यात त्यांचे फाटलेल्या दुधासारखे पुंजके झाले. पाती थांबवली तसे चौथ्यातले पुंजके भराभर खाली आले आणि वरचे पाणी आरपार दिसू लागले. सहाव्या भांड्यात सर्वांत जास्त औषध होते, तरी पाणी धुरकटच राहिले.

“जास्त घातलं की जास्त निवळतं, असं नसतं सर,” मॅडम म्हणाल्या. “कणांवरचा भार उलटा होतो आणि ते परत एकमेकांपासून लांब पळतात. नदीचा रंग बदलला की आम्ही डोस बदलतो. पुरात दिवसातून कितीदा तरी.”

बाहेर गोल टाकीवर ऑपरेटर काका होते. या टाकीला क्लॅरिफ्लोक्युलेटर म्हणतात. मधल्या गोलात मोठी पाती इतक्या हळू फिरतात की पुंजके एकमेकांना चिकटून वाढतील पण तुटणार नाहीत. तिथून पाणी खालून बाहेरच्या रुंद गोलात येते आणि सावकाश वर चढते. पुंजके खाली बसतात. टाकीवरून एक लोखंडी पूल कूर्मगतीने फिरत असतो. त्याला खाली लोंबणारे फावडे तळाचा गाळ मधल्या खड्ड्यात ओढते आणि तिथून पाण्याच्या दाबाने तो व्हॉल्व्हवाटे बाहेर सोडतात. निवळलेले पाणी काठावरच्या पन्हळीत पडते. पन्हळीच्या पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा असतात. काकांच्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता आणि ते त्या खाचांवरचे हिरवे शेवाळ घासत होते.

“ह्ये खाचं सगळं एका पातळीत पायजेत,” ते म्हणाले. “एका बाजूचा पत्रा बोटभर खाली गेला की सगळं पाणी तिकडनंच पळतंय. मग गाळ बसायला येळच मिळत न्हाई, तसाच फिल्टरवर जातो. लोकास्नी वाटतं फिल्टर बिघडला.”

या टाकीत पाणी साधारण अडीच तास असते. तेवढाच वेळ का? उत्तर १९०४ मध्ये अमेरिकन अभियंता अ‍ॅलन हेझनने दिले आणि ते ऐकताना जरा विचित्रच वाटते: गाळ किती बसेल हे टाकीच्या खोलीवर फारसे ठरत नाही, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते. दहा एमएलडी म्हणजे दिवसाला दहा हजार घनमीटर. टाकीचा पृष्ठभाग अडीचशे चौरस मीटर असेल तर पाणी दिवसाला चाळीस मीटर, म्हणजे मिनिटाला तीन सेंटिमीटरहून कमी वेगाने वर चढते. त्याहून जलद खाली जाणारा पुंजका तळाला बसणार, सावकाश उतरणाऱ्यांतले बरेचसे पाण्याबरोबर पन्हळीत जाणार. टाकी दुप्पट खोल केली तरी वर चढण्याचा वेग तोच राहतो. गाळ साठायला आणि प्रवाह शांत व्हायला खोली हवी, एवढेच. अडीचशे चौरस मीटरची गोल टाकी म्हणजे जेमतेम अठरा मीटर व्यास. एका गावाचे पाणी तेवढ्या जागेत निवळते. जागा कमी असेल तिथे साठ अंशात तिरक्या नळ्यांचे जुडगे टाकीत बसवतात. प्रत्येक नळी ही एक उथळ टाकीच असते, म्हणून तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो.

याच हिशेबातून शहरांची एक नेहमीची चूक कळते. लोकसंख्या वाढली, पंप मोठे बसवले, टाकी तीच ठेवली. दहाच्या टाकीतून चौदा एमएलडी काढले की पाणी चढण्याचा वेग दीडपटीच्या आसपास जातो. उन्हाळ्यात नदी स्वच्छ असते तेव्हा हे चालून जाते. पहिल्या पुरात मात्र फिल्टर तासातासाला तुंबतात. गढूळता एनटीयू या एककात मोजतात. वाळूच्या फिल्टरवर येणारे पाणी दहा एनटीयूच्या आत असावे आणि पिण्याच्या पाण्याची गढूळता भारतीय मानकाप्रमाणे एक एनटीयूच्या आत, पर्याय नसेल तर फार तर पाच. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोरही वाया जातो, कारण जंतू मातीच्या कणांआड लपतात. निवळणे नीट झाले नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या लंगड्या पडतात.

सांगलीला पोचलो ते आयर्विन पुलावर. १९२९ मध्ये बांधलेला हा पूल सांगलीकरांची मोजपट्टी आहे. पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेले होते. शहर पाण्यात आणि नळ कोरडे, अशी ती अवस्था. पुरात जॅकवेल आणि पंपघरेच बुडतात, त्यामुळे निवळवायला पाणीच येत नाही.

पण सांगलीची रोजची अडचण पुरापेक्षा जुनी आणि चिवट आहे. शेरीनाला! शहराचे सांडपाणी वाहून आणणारा हा नाला कृष्णेत मिसळतो आणि वर्तमानपत्रांत तो विषय पिढ्यानपिढ्या येत राहतो. त्याचे पाणी उपसून दूर धुळगावला न्यायचे, तिथल्या तळ्यांत शुद्ध करून शेतीला द्यायचे, अशी योजना आखली गेली आणि ती रखडतरखडतच पुढे सरकली. धुळगावची कल्पना मुळात चांगली आहे. मोठ्या उघड्या तळ्यात सांडपाणी कित्येक दिवस थांबते, जड घाण तळाशी बसते, उरलेली जंतू आणि शेवाळ मिळून पचवतात. यंत्रे कमी, जागा जास्त.

जिथे जागा नाही तिथे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. सांगलीतच एका वसाहतीचा छोटा प्रकल्प बघितला. इथल्या पहिल्या टाकीत दोन-अडीच तासांत सांडपाण्यातला निम्म्याहून जास्त तरंगता मळ खाली बसतो, पण पाण्यात विरघळलेली घाण तशीच राहते. तिच्यासाठी पुढच्या टाकीत हवा फुंकून जंतू वाढवतात. जंतू ती घाण खातात आणि त्यांचेच पुंजके बनतात. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. मग पुन्हा एक टाकी, आणि तिथे जंतूंनाच खाली बसवायचे. त्यातले काही परत हवेच्या टाकीत पाठवायचे, बाकीचा गाळ काढून टाकायचा.

इथल्या तरुण ऑपरेटरने एक लिटरच्या उभ्या काचेच्या नळीत तपकिरी पाणी भरले आणि मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावला. याला ते एसव्ही थर्टी म्हणतात. आधी सगळे ढवळलेले, मग वरच्या बाजूला एक स्वच्छ पट्टी उमटली आणि ती हळूहळू खाली सरकू लागली. अर्ध्या तासाने गाळ तीनशेच्या खुणेजवळ स्थिरावला, वर फिकट पिवळसर पण स्वच्छ पाणी. “आज तब्येत बरी आहे,” तो म्हणाला. गाळ फुगून सातशे-आठशेवर राहिला तर केसासारखे तंतुजंतू माजले, असे समजायचे. मग टाकीत काहीच बसत नाही, सगळे बाहेर वाहून जाते. कधी गाळ तळाशी जास्त वेळ राहिला तर तो कुजतो आणि वायूच्या बुडबुड्यांबरोबर वर तरंगतो. म्हणून गाळ वेळच्या वेळी काढणे हेच या टाक्यांचे खरे पथ्य.

शेवटी हरिपूर. वारणा इथे कृष्णेला मिळते. संगमेश्वराचे देऊळ, चिंचेची झाडे, आणि गावात हळदीची जमिनीखालची पेवे. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरून हळदीचे मोठे नुकसान झाले होते. घाटावर बसून मित्राने दिवसभराचा हिशेब मांडला. माती टाकीत बसते, मैलाही बऱ्याच अंशी बसतो. पण खताचा नायट्रेट, साबण, मीठ, कारखान्यातली विरघळलेली रसायने, यांतले काहीही बसत नाही. तुरटीला ते दिसत नाही, फिल्टरला सापडत नाही. शेरीनाल्यासारख्या नाल्याला जलशुद्धीकरण केंद्रात उत्तर नाही. उत्तर नाल्याच्या तोंडाशीच द्यावे लागते, नदीत मिसळण्याआधी. आणि केंद्रातून काढलेला गाळ नाल्यावाटे पुन्हा नदीत सोडला तर खालच्या गावाच्या टाकीला तोच गाळ पुन्हा बसवावा लागतो.

तुमच्या गावातही असे केंद्र असेल. पुढच्या पावसाळ्यात, नदीला नवे पाणी आले की ते बघायला जा. टाकी किती एमएलडीसाठी बांधली होती आणि आज तीतून किती पाणी काढले जाते? फिल्टरवर जाणाऱ्या पाण्याची गढूळता आज किती आहे? आणि काढलेला गाळ जातो कुठे? एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला ती मिळायला हवीत.